मयताभोवतीचं कडं

मी पुण्यातल्या एका दवाखान्यात गाठींचे काप काढून काचपट्ट्या तयार करते. लोक नाक मुरडतात, पण मला हे काम आवडतं. २००६ च्या फेब्रुवारीत आमच्या डॉक्टर मॅडमनी अभ्यासासाठी जुन्या पट्ट्या काढल्या आणि त्यात माझ्या आईची निघाली.

आईचं, अंजनाचं, वर्षापूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. तो उलटू नये, एवढीच माझी धास्ती होती. आई अंगानं भारी. त्यात आजारी माणूस वाळलं की गेलं, असं अण्णांचं, माझ्या वडिलांचं, ठाम मत. तुपातला शिरा, डिंकाचे लाडू, रोज चालू. फोनवर भांडून भांडून माझा घसा बसला होता.

मॅडमनी पट्टी दाखवली. मधे फुगून मेलेली चरबीची पेशी आणि तिच्याभोवती रक्षक पेशींचं गच्च कडं. चरबी फार वाढली की अशी मयतं पडतच राहतात, असं मॅडम म्हणाल्या. रक्षक धावून येतात, तिथेच धुमसत बसतात आणि थकतात. मग शेजारून रोग गेला तरी अडवत नाहीत. हे एकच कारण नसतं, असंही त्या म्हणाल्या. मला मात्र ते कडं कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत राहिलं.

शनिवारी दुपारी गावी, निरगुडसरला, उतरले. आमच्या आळीतली झुंबरबाई सकाळीच गेली होती. तेव्हा उसात बिबट्या होता, म्हणून डबे वाजवायला शेताच्या कडेला दिवसाही पाळीनं माणसं बसत. पण मयत झालं की हातातलं काम टाकून यायचं, ही आमची रीत. पाळीवालेही आले होते. सगळे झुंबरबाईभोवती गोल करून बसले होते, त्यात अण्णाही होते. कुत्रीसुद्धा तिथेच पडली होती.

आणि त्यांच्या मागून बिबट्या गेला. भर उन्हात, पाठींपासून चार हातांवरून, सावकाश. एक मान वळली नाही, एक कुत्रं उठलं नाही. मला ओरडायचं होतं, पण आवाजच फुटेना. तो आमच्या घराकडे वळला. आजारी माणसानं मयताला जायचं नसतं, म्हणून आई घरी एकटीच होती.

मी पळत पोचले तेव्हा ती ओट्यावर बसली होती, धडधाकट. समोरच्या धुळीत पंजे उमटले होते.

"लई येळ बसला व्हता," ती शांतपणे म्हणाली. "मी हाक न्हाई मारली. समदी तिकडं व्हती."

मी तिला घट्ट धरून रडले. तिचं अंग गरम लागत होतं. तिनं माझा हात धरला आणि गळ्याच्या हाडाच्या वर नेऊन ठेवला. तिथे सुपारीएवढी गाठ होती, टणक. रोज असल्याच गाठी कापणाऱ्या माझ्या बोटांना ती लगेच कळली. कधीपासून, असं मी विचारलं.

"म्हैना झाला. तुमी समदी त्या जुन्या गाठीभवतीच बसलेली. तुजं अण्णा चारत्यात, तू भांडतीस. मंग ही सांगू कुणाला?"

माझं बोट गाठीवरच होतं. आळीच्या टोकाला माणसांचं कडं दिसत होतं, आणि त्यात अण्णांची पाठ.