सुगीला देणारं घर

मी मुरुडच्या गुरुपादप्पांच्या किराणा दुकानापुढचं बाकडं बोलतोय. बाभळीचा आहे, म्हणून टिकलो. माणिकप्पा सुतार रंधा मारताना म्हणाला होता, "ह्याच्यावर गाव बसणार हाय." बसलं की हो! लई वर्षं बसलं.

पूर्वी लातूरच्या आडत्याला माणूस ठेवायचा असला, की तो माझ्यावर येऊन टेकायचा. बशीतल्या चहावर फुंकर मारत हळूच विचारायचा, "अप्पा, व्यंकटचं घर कसं हाय?"

अप्पा पानाला चुना लावत म्हणायचे, "सुगीला देणारं घर हाय."

रास झाली, की वर्षाचा किराणा एकदम चुकता करणारं घर. झालं, व्यंकट आडतीवर कामाला लागला. कधी अप्पा काहीच न बोलता साखर तोलत राहायचे. मग विचारणारा चहा संपवून उठायचा.

गेल्या साली व्यंकटची लेक पुनम माझ्यावर येऊन बसली, डोळे पुसत. लातूरच्या एका फायनान्स कंपनीत मुलाखत चांगली झाली होती. पण नोकरी द्यायच्या आधी त्यांनी तिचं सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्याचा आकडा, बघितलं. तिच्या नावावर हप्त्यानं स्कुटी घेतलेली. व्यंकटनं मधले हप्ते भरलेच नाहीत. सोयाबीन विकलं आन् सगळे एकदम भरून आला, दंडासकट. केवढ्या ऐटीत बसला होता त्या दिवशी!

"उशीर दाखवतंय, अप्पा."

"उशीर? बुडवलं तर न्हाई ना!"

"त्यास्नी म्हैन्याच्या म्हैन्याला लागतंय."

"मग सोयाबीन म्हैन्याला येतंय का गं?"

रडता रडता हसली पोर.

अप्पांनी तिलाच कंपनीच्या सायबाला फोन लावायला सांगितला.

"आजोबा, तुम्ही पुनमचे कोण?" सायबानं विचारलं.

"तिच्या घराला उधार देणारा," अप्पा म्हणाले. "एक सुगी चुकली न्हाई त्यांची."

मग सायेब हळू आवाजात म्हणाला, "खरं असेल, आजोबा. पण हे लिहायला इथं जागाच नाही."

नोकरी गेली.

आता व्यंकट दर महिन्याला किराण्याचे पैसे आणून देतो. अप्पा म्हणतात, "आरं, सुगीला दे की. मी कुठं मागतोय?"

"नगं अप्पा. पोरीचं नाव खराब होतंय."

असं म्हणून उभ्या उभ्याच निघून जातो.

माझे पाय आता डुगडुगतात. पण नोकरी देणाऱ्यांनो, एखाद्या माणसाचा आकडा बघून झाला, की एकदा त्याच्या गावाला या. बसायला जागा आहे.