रेकॉर्ड प्रेसमध्ये आहे

पद्मिनीला मिरजेहून आयर्लंडमधल्या कॉर्कच्या हॉस्पिटलात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ती कानाची डॉक्टर. एगबर्टचे कान तिनं तपासले ते त्याची केमो सुरू होण्याआधी, कारण त्या औषधानं ऐकू येणं कमी होतं, आणि वरचे सूर आधी जातात.

एगबर्ट मूळचा जमैकाचा. तरुणपणी तिघांच्या ग्रुपमध्ये खालचा सूर धरायचा. तिथल्या रेगे संगीताला रेगे हे नावही धड पडलं नव्हतं तेव्हाची गोष्ट.

"ठेका आमचा, पण गळा अमेरिकन सोल गाण्यांचा," तो म्हणाला. "रेडिओ ऐकून ऐकून आमच्यातल्या आल्विननं उचललेला. फार वर चढायचा तो."

आल्विन जाऊन तीस वर्षं झाली होती. कान जायच्या आत पहिल्या रेकॉर्डवरचा त्याचा आवाज एकदा ऐकायचा, एवढंच म्हाताऱ्याला हवं होतं. त्याचा प्लेअर मोडलेला, पद्मिनीकडे चालू होता. शनिवारी घेऊन येते, तिनं कबूल केलं.

शुक्रवारी त्याच्या बायकोचा, नोरीनचा, फोन आला. "रेकॉर्ड प्रेसमध्ये आहे, डॉक्टर. गुडघ्यामुळे मला काही ती आणता येत नाही."

कुठल्याशा कारखान्यात पुन्हा छापायला दिली असणार, पद्मिनीनं परस्पर ठरवलं. "काही घाई नाही, हातात आली की कळवा," म्हणून मोकळी झाली. नोरीन पडली भिडस्त. डॉक्टरीणबाईंना सवड नसेल, असं समजून तिनं पुन्हा फोन केला नाही.

सात आठवड्यांनी, एगबर्टची केमो निम्मी होत आली असताना, कँटीनमध्ये विषय निघाला. "अजून प्रेसमधून आली नाही बघ ती रेकॉर्ड," पद्मिनी विभावरीला म्हणाली. विभावरी इथे सात वर्षं मुरलेली.

"अगं, इथे प्रेस म्हणजे कपाट," ती म्हणाली. "माझ्या कपबशा पण प्रेसमध्येच असतात."

पद्मिनीनं ताट बाजूला सारलं. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

संध्याकाळी ती प्लेअर घेऊन एगबर्टच्या घरी गेली. स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या फळीवरून रेकॉर्ड काढायला दोन मिनिटं लागली. सुई टेकली. आधी खरखर, मग खालचा सूर, आणि त्यावर आल्विन असा चढला की पद्मिनीच्या अंगावर काटा आला.

एगबर्ट स्पीकरला कान लावून बसला होता. स्वतःच्या सुरावर मान हलवत होता. गाणं निम्म्यावर आलं तसं त्यानं वर पाहिलं.

"हा मी," तो म्हणाला. "आल्विन कधी सुरू होतो?"