दारातली खुर्ची

तीन दिवस आमच्या दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही, आणि तीन दिवस मी या तराबलसला शिव्या घातल्या. मेलेलं गाव आहे, म्हटलं. कॉफी ढोसायची आणि सरकारच्या नावानं बोटं मोडायची, एवढंच यांना येतं. फुकट काही देतोय तरी दार ओलांडवत नाही.

राग उगाच नव्हता. घड्याळाच्या मनोऱ्यापासून खाली उतरणाऱ्या आमच्या रस्त्यावरची निम्मी दुकानं बंद आहेत. गंजलेल्या शटरांवर निवडणुकीतले चेहरे चिकटवलेत, दात काढून हसणारे. याच चेहऱ्यांनी हा रस्ता मारला आणि वर त्याच्याच मढ्यावर आपले फोटो लावले. मग बैरूतहून संस्थांच्या गाड्या येतात. खाली उतरून गंजाचे फोटो काढतात, "काय सुंदर आहे!" म्हणतात आणि मासे खायला बंदरावर निघून जातात. आमच्या उपाशीपणाला सुंदर म्हणायला यांच्या बापाचं काय जातं?

तालीन तशाच एका गाडीतून आली होती. आर्मेनियन पोरगी, भिंती रंगवणारी, तोंडाची फटकळ. पण तिनं गंजाचा फोटो काढला नाही. शटरवर थाप मारून विचारलं, "याचा मालक कोण?" एवढा साधा प्रश्न त्या रस्त्यावर इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी तिथंच तिच्या प्रेमात पडले म्हणा ना.

मी नाझिक, अदनान सुताराची मुलगी. रंग शिकले ते बापाच्या कारखान्यात, उरलेल्या फळ्यांवर. शाळा नाही, कॉलेज नाही. वीस वर्षं दुसऱ्यांच्या दुकानांसाठी नवरीच्या कपाटांवर फुलं काढली. फुलं माझी, पाटी त्यांची. मग बाहेरून स्वस्त भुशाचं फर्निचर आलं, कारखाने बसले, आणि माझ्या फुलांना कुणी विचारीना. मला एकच हवं होतं. माझ्या नावानं उघडं असलेलं एक दार, आणि त्यातून आत येणारा माझा रस्ता. थोडे दिवस का होईना.

दुकानाचे मालक हाजी मिस्बाह. वर टेकडीवर राहतात, गुडघ्यांमुळे फारसे उतरत नाहीत. त्यांच्याकडे गेलो.

"अदनानची ना तू?" त्यांनी मला निरखलं. "तुझ्या बापाची खुर्ची कधी डुगडुगली नाही. काय करणार दुकानात?"

"लोकांनी मोडकी खुर्ची आणायची, हाजी. शेजारचे सुतार अबू राशिद पाय बसवतील, आम्ही दोघी रंगवू. आणि ती खुर्ची कुणाची होती ते मालकानं सांगायचं. आम्ही ते बैठकीच्या खाली लिहू."

"खाली? दिसणार कुणाला?"

"उलटी करेल त्याला."

हाजी हसले. "घे. भाडं नको. पण माझा पुतण्या वाएल मागे लागलाय, त्याला हुक्क्याचा कोळसा ठेवायला जागा हवी. शनिवारी दुपारी मी येईन. रस्ता दुकानात आलेला दिसला तर ईदेपर्यंत दुकान तुमचं. नाही दिसला तर पुतण्याच्या गोण्या."

आम्ही भिंती घासल्या, चुना दिला, फरशी इतकी धुतली की तालीनचे हात सोलले. सगळ्यांना दिसावी म्हणून मी बापाची शेवटची खुर्ची रंगवली. डाळिंबी लाल, पाठीवर संत्र्याच्या झाडाची फुलं, पायांना निळे पट्टे. रस्त्याच्या टोकावरूनही नजर खेचणारी. आणि ती बरोबर दाराच्या मधोमध ठेवली. बघू कोण न थांबता जातो ते!

लोक थांबले. बघितलं. हसले. आणि गेले. बायका दारापर्यंत यायच्या, आत डोकावायच्या, माघारी फिरायच्या. आम्ही मागच्या कोपऱ्यात, आडोशाला बसून ब्रश धुवायचो. अबू राशिद मागच्या गल्लीतून, आपल्या कारखान्यातूनच ये-जा करायचे, त्यांना पुढचं काही दिसायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी तालीन म्हणाली, "तुझ्या गावाला आपण नको आहोत, बाई." मला ते खरं वाटायला लागलं होतं.

शनिवारी सकाळी काक, आमचा तिळाचा पाव, घेऊन परतत होते. समोरचा चपलावाला खलदून कुठंतरी निघाला होता. जाताना त्यानं स्टूल उचललं, दारात आडवं ठेवलं, आणि चालू लागला. शटर उघडं, माल उघडा, गल्ला आत.

माझ्या हातातला काक खाली पडला.

आमच्या बाजारात मालक नमाजला जातो, जेवायला जातो, तेव्हा शटर ओढत नाही. दारात खुर्ची ठेवतो. खुर्ची म्हणजे आत कुणी नाही, येतो इतक्यात. सोनाराच्या दारातली खुर्चीसुद्धा कुणी ओलांडत नाही, चोरही नाही. आणि बापाच्या दारात ती खुर्ची रोज कोण ओढून ठेवायचं? मी! नाकातून शेंबूड गळत होता तेव्हापासून. पण या खुर्चीवर मी फुलं काढली आणि माझ्या लेखी ती खुर्ची राहिलीच नाही, कला झाली. रस्त्याच्या लेखी ती खुर्चीच होती.

"खलदून!" मी ओरडले. "आम्ही आतच होतो रे गाढवा! तीन दिवस!"

"आत?" तो मागे वळला. "आम्हाला वाटलं नमाजलाच बसल्यात दोघी. मी बायकोला म्हटलंसुद्धा, अदनानची पोरगी संत-वली होणार बहुतेक."

"आणि तालीन? ती तर चर्चला जाते!"

"तेच मला कळेना, की तिला एवढा वेळ का लागतोय!"

मी पळत सुटले. आयुष्यात इतकी पळाले नव्हते. साबणवाल्याला सांगितलं, फूलवाल्याला सांगितलं, जिन्याजिन्यात तोंड घालून बोंब मारली, "दुकान उघडं आहे! खुर्च्या आणा! आज, आत्ता!" खिडक्या उघडल्या. उम्म सफवान, आमच्या गल्लीतली सगळ्यात दणकट बाई, तिसऱ्या मजल्यावरून ओरडली, "कुठलीही चालेल का गं? माझ्या सासूची आहे, तीन पायांची!"

"सासूसकट आण!"

गल्लीत हशा उसळला. वरून माळे उघडल्याचे, सामान ओढल्याचे आवाज यायला लागले. तालीनला सांगितलं तर ती आधी हसली, मग रडली, मग मला एक चापट मारली. दोघींनी मिळून खुर्ची दारातून आत घेतली.

तेवढ्यात पिकअप थांबली. वाएल. मागे कोळशाच्या गोण्या.

"नाझिक, आवरा आता. काकांनी परवा इथून जाताना बघितलं, दारात खुर्ची. काल मी बघितलं, दारात खुर्ची. दुकान उघडलंच नाही तुम्ही."

"दुपार झालेली नाही अजून, वाएल. हाजी येऊ देत."

"येताहेत. तोवर मी माल उतरवतो." त्यानं गोणी खांद्यावर घेतली.

दुकान रिकामं होतं. लोक अजून जिने उतरत होते. मी काय केलं? बापाची खुर्ची उचलली आणि दाराच्या मधोमध ठेवली.

वाएल थबकला. गोणी खांद्यावर, पाय उंबऱ्याबाहेर. तोही याच बाजारात वाढलेला.

"काढ ती."

"मालक बाहेर गेलाय."

"कोण मालक? तू समोर उभी आहेस माझ्या!"

"खुर्ची आहे ना दारात? मग."

तो लाल झाला, पण त्यानं पाय टाकला नाही. आणि मग रस्ता आला. उम्म सफवान डोक्यावर तीन पायांची खुर्ची घेऊन. खलदून दुकानातला बाक घेऊन. कुणी पाळणाखुर्ची, कुणी नुसती पाठ. शाळेतला मास्तर चाक लावलेली ऑफिसची खुर्ची ढकलत आला, ती उतारावर सुटली आणि फूलवाल्यानं अडवली. बघता बघता फुटपाथ भरला. आणि सगळे दारापाशी येऊन थांबले. कारण दारात खुर्ची होती.

हाजी मिस्बाह काठी टेकत आले. गर्दी बघितली. दार बघितलं. आतलं रिकामं दुकान बघितलं.

"कोण बाहेर गेलंय?" त्यांनी मला विचारलं.

"कुणी नाही."

"मग ही खुर्ची काय सांगतेय?"

मी खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"पोरी, माझ्या बापानं या एका खुर्चीच्या भरवशावर दुकान उघडं टाकून जन्म काढला. हिच्यावर आमचा सगळा बाजार झोपतो. आणि तू हिला खोटं बोलायला लावलंस?"

खुर्ची काढली तर वाएल आत. नाही काढली तर रस्ता बाहेर, आणि हाजींचा शब्द होता तो दुकानात आलेल्या रस्त्याचा. दोन्हीकडून मीच फसले होते, स्वतःच्याच हातानं. पण म्हातारा खरं बोलत होता. बँका पैसे गिळून आमच्याशी खोटं बोलल्या, पोस्टरवरचे चेहरे खोटं बोलले. या गावात एक खुर्ची तेवढी खरं बोलायची.

"अगं, काय ते ठरवा!" उम्म सफवान करवादली. "मान मोडली माझी."

मी खुर्ची उचलली.

वाएल गोणी सावरत पुढे सरसावला. पण उम्म सफवान त्याच्या आधी घुसली, सासूच्या खुर्चीचा एक पाय त्याच्या गोणीत खुपसून. गोणी फाटली, कोळसा रस्त्यावर सांडला. तिच्या मागून खलदून, मास्तर, फूलवाला, सगळा रस्ता दणादणा आत! तालीन किंचाळत होती, "एकेक! अरे, एकेक!" कोण ऐकतंय? अबू राशिद मागच्या दारातून हातोडी घेऊन आले आणि गर्दी बघून दारातच उभे राहिले. "आधी माझी!" "ही माझ्या नवऱ्याची, मेला तेव्हा हिच्यावरच बसला होता!" "यावर मी नापास झालो!" खुर्चीवर खुर्ची चढली, छताला टेकली. मी एकीची उलटी करून त्यावर नाव लिहीत होते, तोवर दुसरी मांडीवर आदळत होती. माझ्या नाकाला रंग, केसांत भुसा, आणि घशातून आवाज फुटत नव्हता, इतकी ओरडले होते मी.

एक गोणी ठेवायला काय, टाचणी ठेवायला जागा नव्हती.

वाएल फुटपाथवर वाकून कोळसा गोळा करत होता. उम्म सफवाननं आतूनच त्याला हाक मारली, "कोळसा काय वेचतोस रे? तो बाहेर राहिलेला बाक उचल, इकडे दे!" त्यानं हाजींकडे बघितलं. हाजींनी काठीनं बाकच दाखवला. काळ्या हातांनी त्यानं बाक उचलला.

मशिदीतून बांग झाली. गर्दी हळूहळू पांगायला लागली, "आलोच" म्हणत, खुर्च्या आतच टाकून. अबू राशिद हात धुवायला गेले. तालीन भुकेनं कोसळायच्या बेतात होती, तिला घेऊन मी काक आणायला निघाले.

हाजी अजून बाहेरच उभे होते. त्यांनी भिंतीला टेकवलेली माझी लाल खुर्ची पाठीला धरून ओढत आणली, दाराच्या मधोमध ठेवली, आणि एकदा दाबून पाहिली. डुगडुगली नाही.

"आता खरं आहे," ते म्हणाले, आणि काठी टेकत मशिदीकडे चालू लागले.