उजवा अंगठा, डावा अंगठा

अंगठ्याला शाई लावायची एक जुनी गादी, तीच मी. पत्र्याची चपटी डबी, आत जाड कापड आणि कापडात मुरलेली काळी शाई. मित्रांनो, माझ्या बहिणी तुम्ही पोस्टात किंवा बँकेत पाहिल्या असतील. माझं आयुष्य मात्र कर्जतच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात गेलं.

पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यात मी तयार झाले. तेव्हा मला वाटायचं, आपल्यावर फक्त शिक्के टेकतील. ठाण्यात आले आणि माणसांची बोटं टेकू लागली. त्या बोटांकडून मी बरंच शिकले. अंगठ्यावरच्या बारीक रेषा आईच्या पोटातच तयार होतात. पुढे हात वाढतो, रापतो, पोळतो, पण नवी कातडी जुन्याच रेषा घेऊन येते. जखम फार खोल असेल तर मधे एक कोरी पट्टी राहते, इतकंच. माणसानं नाव बदललं तरी रेषांना त्याचा पत्ता नसतो. आणखी एक गोष्ट मला कळली. पुरुषाचा अंगठा कोणता आणि बाईचा कोणता, हे मला कधीच ओळखता आलं नाही. रेषांमध्ये तसं काही नसतंच.

ठाण्यात मात्र रीत ठरलेली होती. पुरुषाचा डावा अंगठा घ्यायचा, बाईचा उजवा. कुणाला विचारायचं नाही, समोरच्याकडे एकदा पाहायचं आणि हात धरायचा. संशयितांचे ठसे कापडात बांधून कपाटात ठेवायचे. पुरुषांचा गठ्ठा वेगळा, बायकांचा वेगळा. हे काम श्रीमंत नावाच्या शिपायाकडे होतं. त्याच्याजवळ एक भिंग होतं आणि नजर तीक्ष्ण होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा माझ्या झाकणावर टिचकी मारून म्हटलं होतं की लोक नाव चुकवतील, पण ही गादी आणि श्रीमंत बोट चुकवू देणार नाहीत. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

नव्वद सालच्या उन्हाळ्यात जवळच्या गावची जत्रा होती. एका व्यापाऱ्याचं पाकीट हरवलं. साडी नेसलेल्या, पण बायकांसारख्या न दिसणाऱ्या चार-पाच जणांना पोलिसांनी ठाण्यात आणलं. त्यांत एक अगदी तरुण होती. नाव विचारल्यावर ती घाबरली. खरं नाव सांगितलं तर पोलीस गावात जातील, आईच्या दारात उभे राहतील. बाहेर ज्या देवाचा जयजयकार चालला होता त्याचंच नाव तिच्या तोंडून गेलं, "कानिफनाथ." श्रीमंतनं तिचा डावा हात ओढला आणि साडी नेसली म्हणून काही अंगठा बदलत नाही, असं म्हणून हसला. तिच्या अंगठ्यावर विळा लागल्याची आडवी खूण होती. ठशात तिथे पांढरी पट्टी उमटली.

संध्याकाळी पाकीट सापडलं. व्यापाऱ्याच्याच पिशवीत तळाशी होतं. सगळ्यांना सोडून दिलं. ठसे मात्र गठ्ठ्यात राहिले. गठ्ठ्यात गेलेला ठसा परत काढायची रीत ठाण्यात नव्हती.

काही वर्षं गेली. श्रीमंत हवालदार झाला, डोळ्यांवर चष्मा आला. एके दिवशी दोघी जणी टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हातारीचं नाव भागिरथी. तिच्यासोबत तिची लेक यशोधरा. यशोधरा आधी जालिंदर होती. आता सरकारी राजपत्रात नाव बदलून घेतलं होतं. नवं नाव आईनंच विहारात ऐकून निवडलं होतं. सावेडीतल्या एका शाळेनं तिला प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. परीक्षानळ्या धुणं, रसायनांच्या बाटल्या जागच्या जागी लावणं, असं काम होतं. फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा होता. शाळा सुरू व्हायच्या आत तो मिळाला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

श्रीमंतनं कागद वाचले. जालिंदर या नावावर काही नव्हतं, यशोधरा या नावावरही नव्हतं. मग त्यानं माझं झाकण उघडलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"आता तूच सांग, कुठला हात धरू?"

भागिरथी पुढे झाली. "बाईचा जो धरता त्योच धरा, साहेब. लेक हाय माझी."

यशोधरेनं उजवा हात पुढे केला. अंगठा माझ्यावर टेकला तेव्हा तो गार होता. श्रीमंतनं बायकांचा गठ्ठा सोडला आणि भिंगाखाली एकेक कागद सरकवला. काही जुळलं नाही. यशोधरेनं पदराला बोट पुसलं. म्हातारीनं तर हात जोडून निघायची तयारीही केली.

"थांबा की मावशी," श्रीमंत म्हणाला. "नावं दोन हायती. मग अंगठं बी दोन."

मित्रांनो, मला झाकण मिटून घेता येत नाही.

डावा अंगठा आला. आडवी खूण तशीच होती. श्रीमंतनं तो कागद उजेडात धरला. मग कपाटाशी जाऊन पुरुषांचा गठ्ठा आणला. घाई केली नाही. पांढरी पट्टी असलेले दोन ठसे शेजारी ठेवून त्यानं भिंग टेकवलं आणि हळूच वाचलं, "कानिफनाथ."

"कोन कानिफनाथ?" भागिरथी म्हणाली. "आमच्या घरात ह्या नावाचं कुनी न्हाई."

"मीच, आये. तुझ्या दारात पोलीस नको म्हनून सांगितलं हुतं."

"काय केलं हुतंस त्या दिशी?"

"साडी नेसले हुते."

श्रीमंतनं तिच्याकडे पाहिलं. त्याला पाकिटाची गोष्ट आठवत होती की नाही, मला सांगता येणार नाही. मी कागदावर हाय तेवढंच लिहितो, असं तो म्हणाला आणि त्यानं खरंच तेवढंच लिहिलं. संशयितांच्या नोंदीत ठसा आढळतो, पूर्वी पोलिसांना खोटे नाव सांगितले. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

शाळेनं जागा दुसऱ्याला दिली. पावसाळा संपताना भागिरथी एकटीच पुन्हा आली. पोरीनं नेमकं काय केलं तेवढं सांगा, असं विचारत ती टेबलासमोर बराच वेळ उभी होती. श्रीमंतची बदली झाली होती. नव्या शिपायानं कागद पाहिला आणि सांगितलं, "नोंद हाय, मावशी." कसली नोंद, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आता माझी शाई वाळली आहे. टेबलावर नवी गादी आली आणि मला कपाटात टाकलं, त्याच गठ्ठ्यांच्या शेजारी. अधूनमधून दार उघडतं, एक कागद वाढतो, दार बंद होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपून वापरा, असं मी म्हणावं अशी तुमची अपेक्षा असेल. माझं काही मागणं नाही, मी वाळले तेच बरं. पण तुमच्यापैकी कुणी मोठेपणी या कपाटाशी आलंच, तर पुरुषांचा गठ्ठा सोडा. आडवी पट्टी असलेला ठसा शोधा आणि त्याच्याखाली लिहा, पाकीट त्याच संध्याकाळी सापडलं होतं. तिथे रिकामी जागा आहे. मी पाहिली आहे.