चिंचबेटाची भिंत

आमचा बुढा, म्हंजे माझा नवरा बाबाराव, खोटं चित्र काढत नाही. ते त्याच्या अंगातच नाही, त्याले मी काय करू! पैनगंगेच्या मधात आमचं चिंचबेट. सतरा घरं, चिंचेचं बन, वरच्या टोकाले मरीमायचं ठाणं. दरसाल दिवाळीच्या आधी मी घराची समोरची भिंत पांढऱ्या मातीनं सारवायची, अन् बुढ्यानं तिच्यावर गेरू-काजळीनं अख्खं बेट काढून खाली साल लिहायचं. नियम एकच. आज डोळ्यानं दिसते तेच काढायचं. झाड मेलं का भिंतीवरूनही गेलं. एका साली मी म्हटलं, "माझी काळी कोंबडी तरी राहू द्या, परवाच त मेली." तर म्हणे, "मेली ना? मंग?" असा बैताड माणूस.

कापसाची वाट लागली त्या वर्सांत ट्रॅक्टरवाल्यायले वाह्याले कापूस उरला नाही, मंग ते रेतीले लागले. उमरखेडात घरावर घर चढत होतं अन् इथी आमची नदी खाली खाली जात होती. आधी ट्रॅक्टर होते, मंग पोकलेन आलं. एकाच सालात त्यानं वरचं टोक खाऊन टाकलं. मरीमाय गेली, चिंचा गेल्या, अकरा घरं उठून ढाणकीले गेली. रेतीचा ठेकेदार म्हणे, तिथी बेट नव्हतंच, नुसती रेती होती. सातबारा त आमच्यात कोणाच्याच नावचा नाही. दाखवणार काय, कपाळ?

भिंत होती. मागच्या दिवाळीची, पोकलेन यायच्या आधीची. सतरा घरं, साऱ्या चिंचा, खाली साल. आमच्या तक्रारीवर सरकारी चौकशी लागली होती, त्या साहेबाच्या कानावर ते गेलं. त्यानं बुढ्याले निरोप धाडला का येऊन फोटो घेतो, वर दाखवतो, उरलेलं बेट वाचेल. बुढा मले एवढंच बोलला, "उद्या साहेब भिंत पाह्याले येऊन राह्यले." अन् सकाळी डोंगा घेऊन त्यायले आणाले गेला.

आता साहेब घरी येणार अन् भिंत धुरानं काळवंडलेली, कोपऱ्यात पोपडे निघालेले. मले वाटलं, बुढा साहेबासमोर नवं चित्र काढणार असन, दिवाळीले काढते तसं. कोणती बाई पाहुण्यायले तशी भिंत दाखवन? मी माती कालवली अन् भिंत सारवली. इतक्या सफाईनं मी पोरीच्या लग्नातही सारवली नव्हती.

डोंगा लागला. पुढं बुढा, मागं साहेब, त्यायच्या मागं ठेकेदाराचा माणूस. बुढा अंगणात आला अन् जागच्या जागी थांबला.

"चित्र कुठं आहे?" साहेबानं विचारलं.

तेव्हा मले समजलं. मायबाई! मी धावली, नखानं माती खरवडाले लागली. ओल्या मातीसंगं खालचा गेरूही निघाला. हातात नुसता चिखल आला.

साहेब भला माणूस. ठेकेदाराचा माणूस बिडी ओढाले डोंग्याकडे गेला तसा हळूच म्हणे, "बाबाराव, आत्ता काढा. होतं तसंच काढा, मागचं साल टाका. मी फोटो घेतो."

मी बुढ्याचे पाय धरले. "काढा हो! खोटं थोडीच हाय? होतंच ना सारं!"

त्यानं कुंचा घेतला. वरच्या टोकाकडे पाह्यलं. तिथी पाणी होतं. लय वेळ पाहत राह्यला. मंग कुंचा खाली ठेवला अन् म्हणे, "होतं साहेब. आज नाही."

मोठा आला हरिश्चंद्र! मले असा राग आला का तो कुंचा घेऊन त्याच्याच डोक्यात घालावा. पण तोंड कोणत्या तोंडानं उघडू? भिंत त मीच पुसली होती.

साहेबानं पंचनामा लिहून वाचून दाखवला. भिंत पांढरी आढळली, चित्र आढळलं नाही. "खरं हाय," बुढा म्हणाला अन् त्यानं सही केली. त्याच्या खाली मी अंगठा लावला.

ते लोक गेल्यावर मी रडू रडू म्हटलं, "मारा मले. शिव्या त द्या!"

बुढ्यानं गडवाभर पाणी आणलं अन् माझे मातीचे हात धुवाले लागला. "तुले कायले शिव्या देऊ? घरी पाहुणे येणार होते. मी घरी असतो त मीच म्हटलं असतं, सारव म्हून."

आठव्या दिवशी पोकलेन आमच्या अंगणात उतरलं.