वरच्या खोलीतला पहारेकरी

घरातलं सामान बांधून होत आलं, तेव्हा म्हातारी मुलीला म्हणाली, "जायच्या आधी एकदा तुझ्या बाबांना बघून येऊ."

मुलीने चिकटपट्टी खाली ठेवली. बाबा गेल्या हिवाळ्यातच गेले होते, पण आईला भ्रम झालेला नव्हता. गावाबाहेरच्या जुन्या दगडी मनोऱ्यात एक छोटंसं संग्रहालय होतं आणि बाबांनी अख्खी नोकरी तिथल्या वरच्या खोलीत राखणदार म्हणून काढली होती. त्या खोलीत जुन्या काळच्या पहारेकऱ्याचा पुतळा उभा करायचं ठरलं, तेव्हा मूर्तिकाराने आयता माणूस म्हणून बाबांनाच समोर उभं केलं. गावभर कौतुक झालं. आईने मात्र नाक मुरडलं होतं. "घरात रोज पुतळाच असतो की. तो बघायला आणखी वर कशाला चढू?"

त्यात खोटं काही नव्हतं. संध्याकाळी नवरा घरी आला की खुर्चीत जो बसायचा तो ढिम्म हलायचा नाही. कोमट पाण्यात पाय सोडायचा आणि डोळे मिटायचा. फिरायला चला, तर आज नको. बहिणीकडे जाऊ, तर आज नको. ती आधी भांडली, मग रुसली, मग तिने नादच सोडला. असे कोणते डोंगर फोडून यायचा हा माणूस? दिवसभर एका खोलीत उभं राहायचं आणि लोकांना हात लावू नका म्हणायचं, एवढंच तर काम. त्याला आपलाच कंटाळा आलाय, असा तिने अर्थ लावला आणि तो उराशी धरूनच संसार केला. आता उद्या मुलीच्या शहरात कायमचं राहायला जायचं होतं. सामानाबरोबर ही अढीही न्यायची, या विचाराने तिला नको नको झालं होतं.

मनोऱ्याच्या दारातला राखणदार बाबांच्याच हाताखाली तयार झालेला. तो म्हणाला, "वहिनी, जिना फार वाईट आहे. दादांचा फोटो दाखवू का मोबाइलवर?"

"फोटो घरी ढीगभर आहेत."

जिना खरंच वाईट होता. अंधारा, अरुंद, गोल गोल फिरणारा, आणि पायऱ्या झिजून मधे खोलगट झालेल्या. भिंतीलगतचा दोर धरून ती चढू लागली. मधल्या मजल्यावर तिला दम लागला.

"थोडा इतिहास बघू," ती म्हणाली.

"बघू की. मलाही बघायचाच आहे," मुलगी भिंतीला टेकली. सामान बांधून तिचंही कंबरडं मोडलं होतं. मायलेकी एका गंजक्या कुलपाकडे, विकत घ्यायचं असल्यासारख्या, कितीतरी वेळ बघत राहिल्या.

वर पोचेपर्यंत म्हातारीच्या पायांचे तुकडे पडले होते. तिने पुतळ्याआधी बसायला जागा शोधली. खोलीत ढाल होती, भाला होता, दगडी गोळ्यांची रास होती. खुर्ची नव्हती.

"इथे बसायचं कुठे?"

"खुर्ची ठेवू देत नाहीत, वहिनी," मागोमाग आलेला राखणदार म्हणाला. "खोली जुन्या काळची वाटली पाहिजे ना."

"मग तुम्ही लोक?"

"उभेच. जेवायला खाली जाता येतं. पण दादा डबासुद्धा इथेच, उभ्या उभ्या खायचे. पुन्हा चढायला नको म्हणून."

ती भिंतीला धरून पुतळ्यासमोर गेली आणि हिरमुसली. नाक सरळ केलेलं, पोट गायब, वर भलीमोठी दाढी. हा कोणीतरी परकाच होता. एवढा जीव काढून चढलो ते यासाठी, असं मनात येऊन तिने मान खाली घातली, आणि पाय दिसले.

सगळा भार उजव्या पायावर. डाव्याची टाच जमिनीपासून जराशी उचललेली. मूर्तिकाराला तो पहारेकऱ्याचा सावधपणा वाटला असावा. ही टाच तिने आयुष्यभर पाण्याच्या टबात पाहिली होती, लाल, सुजलेली. स्वयंपाकघराच्या दारातही ते अगदी असेच उभे राहायचे. तिला रडू फुटलं.

"माझा कंटाळा नव्हता गं त्यांना," ती मुलीला म्हणाली. "दमायचे फक्त."

"मग कधी बोलले का नाहीत?"

"बोलायलाही त्राण लागतं."

तिने खांद्यावरची शाल काढली, घडीवर घडी घातली. मग मुलीचा हात धरून कशीबशी वाकली आणि ती घडी त्या उचललेल्या टाचेखाली नीट सारली. हात लावू नका म्हणणं हे राखणदाराचं कामच होतं. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला.

जिन्याच्या तोंडाशी मुलगी थांबली. "आई, शाल राहिली. खाली गारठा असेल."

"राहू दे," म्हातारीने दोर धरला. "आपण घरी जाऊन बसू. यांना अजून उभं राहायचंय."