झाकलेली गाठ

चहा पिता पिता झुंबरबाईंचं तोंड वाकडं झालं, डावा डोळा मिटेना. वडनेरात सगळे लकवाच म्हणाले. पंधरा दिवस तेल चोळण्यात गेले. मग चेहऱ्याची उजवी बाजूही पडली, नजर धूसर झाली, तेव्हा सून राखीने हट्ट करून त्यांना अकोल्याला नेलं.

डॉक्टरांनी डोक्याचे आणि छातीचे फोटो पाहून सांगितलं की चेहऱ्याच्या आणि डोळ्याच्या नसांना सूज आहे, छातीत गाठी आहेत. टीबी असेल किंवा सार्कॉइडोसिस, म्हणजे जंतूंशिवाय शरीर स्वतःच गाठी धरतं तो आजार. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. सार्कॉइडोसिसवरचं स्टिरॉइड चुकून नुसत्या टीबीवर दिलं, तर टीबी भडकतो. म्हणून श्वासनळीतून सुई घालून गाठीचा तुकडा तपासायला हवा, आणि लवकर, नाहीतर नजर जाईल.

गाठ आणि सुई हे दोन शब्द ऐकून झुंबरबाईंचे नवरे पंजाबराव उठलेच. सुई लागली की गाठ अंगभर पसरते, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. त्यांच्या आईच्या छातीतल्या गाठीला सुई लावली आणि चौथ्या महिन्यात ती गेली. त्यांनी राखीला पिशवी भरायला सांगितली.

झुंबरबाई खाटेवर बसून होत्या. अठरा वर्षांच्या असताना सासूला न्हाऊ घालताना त्यांच्या हाताला सुपारीएवढी गाठ लागली होती. कुणाला सांगायचं नाही, अशी सासूने तिथेच शपथ घातली. पन्नास वर्षं त्यांनी ती पाळली.

आता ओठ जुळत नव्हते. 'म' उमटावा म्हणून त्यांनी ते बोटांनी धरले.

"तुमच्या मायची गाठ मले ठाऊक होती. सुईच्या वर्षभर आधीपासून. ते सुईनं नाही गेली. झाकल्यानं गेली, अन् झाकाले मीबी संग होती."

"काऊन नाही सांगतलं मले?"

"शपथ होती."

पंजाबराव बाहेर निघून गेले. बऱ्याच वेळाने परतले ते बायकोकडे न पाहता. सही कुठे करायची, एवढंच राखीला विचारलं.

तुकड्यात टीबीचे जंतू निघाले नाहीत. सार्कॉइडोसिसच होता. स्टिरॉइड सुरू झालं. बरं वाटलं तरी एकदम बंद करायचं नाही, हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं. रोज सकाळी भाकरीनंतर पंजाबराव स्वतः गोळ्या काढून देत, पण बोलत नसत. दोन महिन्यांनी डोळे पुन्हा नीट मिटू लागले, नजर बरीचशी निवळली.

एका सकाळी गोळ्या झुंबरबाईंच्या तळहातावर ठेवून ते तिथेच बसून राहिले.

"लय दुखे का मायले?"

"दुखे," झुंबरबाई म्हणाल्या. "कुशीवर झोपता येत नव्हतं."